अध्यक्षांना पंख फुटले

जयंतीबाईंनी स्टीलची ती जाड पाटी डायनिंग टेबलावर ठेवली तेव्हा श्यामसुंदर कर्णिक चहात खारी बुडवत होते. आवाज असा झाला की अर्धी खारी कपाच्या तळाशी गेली.

"हे काय? नवा तवा?"

"बॅकप्लेट," जयंतीबाई म्हणाल्या. "ही पाठीला लावायची. हिच्यावर हवेचा सिलिंडर बसतो. आणि हे विंग."

विंग म्हणजे जाड काळ्या कापडाची, घोड्याच्या नालेसारखी एक पिशवी होती. तिला एका टोकाला व्हॅक्यूम क्लीनरसारखी नळी होती आणि खाली एक दोरी लोंबत होती.

"तुझं ते जॅकेट होतं ना चांगलं?"

"ते फुगलं की बरगड्या आवळतं. शिवाय त्यात मी पाण्यात उभीच राहते, आडवी होत नाही. ह्यात हवा पाठीमागे, वजनही पाठीवर. मासा कसा आडवा जातो, तसं जायचं."

"मासा पाठीला लोखंड बांधून जात नाही, जयंती."

जयंतीबाईंनी उत्तर दिलं नाही. मुलुंडच्या एका कॉलेजात त्यांनी उभा जन्म फिजिक्स शिकवलं होतं आणि कुठल्या विद्यार्थ्याला उत्तर द्यायचं नाही, हे त्यांना पक्कं कळत असे. पन्नाशी उलटल्यावर लेकीने, ऋताने, त्यांना मालवणला नेऊन हौसेने समुद्राच्या तळाशी एक फेरी मारून आणलं. बाई पाण्याबाहेर आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "पुन्हा." तेव्हापासून घरात मुखवटे, पोहताना पायांना लावायचे पंजे आणि रबरी बूट वाढतच चालले होते. गॅलरीत त्यांचा काळा रबरी सूट वाळत घातला की खाली दूधवाला दचकायचा.

आणि कर्णिक? मार्व्याहून मनोरीला जाणाऱ्या बोटीतसुद्धा ते डोळे मिटून बसत. बायको पाण्याखाली असली की ते घरी पंख्याखाली बसून तिच्या वाटणीचे श्वास घेत.

"काही झालं तर हे काढायचं कसं?" त्यांनी विचारलं. "क्लिपा कुठायत?"

"नाहीत. खांद्यावरून कमरेपर्यंत आख्खा एकच पट्टा आहे. कमरेला तेवढं एक बक्कल. क्लिपच नाही, म्हणजे तुटायला काही नाही."

"आणि निघायलाही काही नाही!"

"अहो, निघतं." जयंतीबाईंनी पर्स उचलली. "मी मैत्रिणीकडे घाटकोपरला जाऊन येते. तुम्ही सभेला वेळेवर जा. आणि मुख्य म्हणजे, आज सही करू नका."

"मी कशाला करतोय सही?" कर्णिक म्हणाले आणि कपातली खारी चमच्याने शोधू लागले.

कारण सही करायचं ते आदल्या दिवशी फोनवर कबूल करून बसले होते. शेफाली सोसायटीचं अध्यक्षपद कर्णिकांकडे आलं, ते त्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही म्हणून. आता जुनी बिल्डिंग पाडून टॉवर बांधायचा होता आणि बिल्डर होते धोंडूशेठ राऊळ. धोंडूशेठच्या नकाशात स्वयंपाकघर एवढंसं होतं की कुकरची शिट्टी व्हायला लागली तर माणसाने बाहेर यावं. वीस मजल्यांना लिफ्ट एकच होती. सभासदांचं म्हणणं, दोन लिफ्ट आणि मोठं स्वयंपाकघर दिल्याशिवाय संमतीपत्रावर सही नाही. फोनवर धोंडूशेठनी गोड आवाजात विचारलं होतं, "मग उद्या करून टाकूया ना, अध्यक्ष?" आणि कर्णिकांच्या तोंडून सवयीने गेलं होतं, "हो हो, करून टाकू."

दार बंद झालं. कर्णिक टेबलाभोवती फिरले. पाटी उचलून पाहिली, मनगट दुखलं. एवढं ओझं पाठीला बांधून ही बाई समुद्रात उतरणार, आणि खाली काही झालं तर काढायचं कसं, हे विचारलं की म्हणते, निघतं. निघतं म्हणजे कसं निघतं? त्यांनी ठरवलं, आपण स्वतः घालून बघायचं. नाही निघालं तर संध्याकाळी तिला पुराव्यानिशी सांगता येईल.

ते घालणं सोपं नव्हतं. पट्टे जयंतीबाईंच्या खांद्यांच्या मापाने बसवलेले होते. डावा हात गेला. उजवा जाईना. कर्णिकांनी श्वास सोडला, कोपर दुमडलं, कपाटाला टेकून एक हिसका दिला आणि हात आत गेला. मग मांड्यांमधून पुढे येणारा एक पट्टा होता, तो त्यांनी कमरेच्या पट्ट्यात ओवला आणि बक्कल लावलं. आरशात पाहिलं. पाठ कधी नव्हे ती ताठ झाली होती. बनियन आणि अर्ध्या चड्डीवर ते अंतराळात निघाल्यासारखे दिसत होते.

"वा," ते स्वतःशीच म्हणाले. "आता काढू."

बक्कल उघडलं. मांड्यांमधला पट्टा सुटला. खांदे मात्र सुटेनात. हात मागे न्यावा तर कोपर अडकायचं, पुढे घ्यावा तर काखेत पट्टा रुतायचा. दंड जरा वर झाले की तिथेच थांबायचे. त्यांनी वाकून पाहिलं, पलंगावर लोळून पाहिलं, बाहेरच्या दाराच्या कडीत एक पट्टा अडकवून ओढून पाहिला. त्या ओढीने दार उघडलं आणि बाहेर सर्वेश उभा होता.

सर्वेश हा सोसायटीचा तिशीतला खजिनदार. समोरच राहायचा.

"काका, चला, धोंडूशेठ आला... हे काय घातलंय?"

"आत ये. दार लाव. हसू नकोस."

सर्वेश आत आला, दार लावलं आणि भिंतीला टेकून हसून घेतलं. मग त्याने डोळे पुसले आणि कर्णिकांभोवती एखाद्या मेकॅनिकसारख्या दोन फेऱ्या मारल्या.

"कापून टाकू?"

"खबरदार! स्वतःच्या मापाने ओवलाय तिने तो पट्टा."

"मग काकूंना फोन करा."

"अजिबात नाही. सभेला जायचंच कशाला? सांग, अध्यक्षांना ताप आलाय."

"मग धोंडूशेठ कागद घेऊन वर येईल. खाली सगळ्यांना सांगत सुटलाय, अध्यक्षांनी मला शब्द दिलाय म्हणून." सर्वेशने कर्णिकांकडे रोखून पाहिलं. "दिलाय का, काका?"

कर्णिक स्वतःच्या पायांकडे बघायला गेले, पण पाठ वाकेना. शेवटी त्यांनी छताकडे पाहिलं.

"वाट लागली," सर्वेश म्हणाला. मग त्याला नळी दिसली. "एक मिनिट! ह्यात हवा भरते ना? फुगलं की पट्टे ताणून सैल होतील. एकदम सिंपल."

कर्णिकांना हे पटलं नव्हतं, पण नाही म्हणायची सवय नव्हती. सर्वेशने नळीचं बटण दाबून गाल फुगवून फुंकायला सुरुवात केली. तो क्रिकेट खेळणारा पोरगा, दम दांडगा. विंग दोन्ही बाजूंनी टरारून फुगलं आणि पट्टे होते त्याहून घट्ट झाले.

"आता हवा काढ," कर्णिक दबल्या आवाजात म्हणाले.

सर्वेशने होती नव्हती ती बटणं दाबली. थोडीशी हवा निघाली, बाकीची आतच राहिली. नळी वर धरली की हवा निघते, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. खालून वॉचमनने इंटरकॉम केला, "सगळे थांबलेत."

आता झाकायचं कशाने? कर्णिकांचा एकही शर्ट त्या फुगाऱ्यावर चढेना. सर्वेश धावत घरी गेला आणि मनालीच्या सहलीसाठी घेतलेलं गुडघ्यापर्यंतचं, कापूस भरलेलं जाकीट घेऊन आला. ते बसलं. नळी गळ्यापाशी कॉलरमध्ये खोचली. मे महिना होता. जिना उतरेपर्यंतच कर्णिकांच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम ठिबकू लागला.

पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. सोळा घरांची माणसं जमली होती. पुढे धोंडूशेठ, पांढरी सफारी, बोटात अंगठ्या, मागे सफारीतलीच दोन माणसं. धोंडूशेठ मूळचे कुडाळकडचे. मुंबईत येऊन विटा विकता विकता बिल्डर झाले होते, पण बोलताना गाव मधूनच वर यायचं. मेच्या उकाड्यात बर्फातलं जाकीट घालून, छाती काढून, मान ताठ ठेवून, एक एक पाऊल मोजल्यासारखे टाकत येणारे अध्यक्ष त्यांनी पाहिले आणि त्यांचं हसू जरा आखडलं.

"काय अध्यक्ष! बरं नाही काय?" असं म्हणत धोंडूशेठनी मोठ्या प्रेमाने कर्णिकांच्या पाठीवर थाप मारली.

ठण्ण.

धोंडूशेठनी हात मागे घेतला. बोटं झिणझिणत होती. त्यांनी आपल्या माणसाकडे पाहिलं. माणसाने जाकिटाकडे पाहिलं.

"शेठ," तो कानाशी लागून म्हणाला, पण त्याचं कुजबुजणं पहिल्या रांगेपर्यंत पोचायचं. "आत बुलेटप्रूफ आहे."

"गप रे."

"आईशप्पथ. स्टीलचं. गळ्याशी वायर पण आहे बघा."

धोंडूशेठनी पाहिलं. कॉलरमधून काळी नळी डोकावत होती आणि तिला बटणं होती. नेमकं त्याच वेळी कर्णिकांनी हनुवटीने एक बटण दाबायचा प्रयत्न केला, जमलंच तर थोडी हवा कमी करावी म्हणून. धोंडूशेठना ते बटण चालू केल्यासारखं दिसलं. हा माणूस आपलं बोलणं रेकॉर्ड करतोय, अंगात चिलखत घातलंय, म्हणजे ह्याला कुणीतरी पढवून पाठवलंय. कुणी? धोंडूशेठना गेल्या वीस वर्षांत दुखावलेली माणसं एकेक करून आठवू लागली.

"बसा, अध्यक्ष, बसा," ते अगदी हळू म्हणाले. "ए, तो पंखा साहेबांकडे फिरव."

कर्णिक बसले. बसले म्हणजे खुर्चीच्या कडेवर टेकले, मागे विंग असल्याने पुढे ढकलल्यासारखे. नेमक्या त्यांच्या मागच्याच खुर्चीवर पहिल्या मजल्यावरच्या कमलकाकू बसल्या होत्या. काकूंना लोंबतं काही बघवत नसे. कुणाच्या शर्टाचा धागा सुटला असला की त्या तो दाताने तोडून द्यायच्या.

धोंडूशेठनी घसा साफ केला आणि संमतीपत्र पुढे सरकवलं. त्यावर पेन ठेवलं. "आपलं बोलणं झालेलंच आहे. एक लिफ्ट, नकाशा आहे तसा. इथे सही केलीत की काम सुरू."

सगळी सोसायटी कर्णिकांकडे बघत होती. कर्णिक पेनाकडे बघत होते. दिलेला शब्द मोडायचा विचारसुद्धा त्यांच्या मनात आला नव्हता. त्यांनी हात पुढे केला. पट्ट्याने तो अर्ध्यात अडवला. बोटं पेनापासून वीतभर लांब राहिली. त्यांनी पुन्हा जोर केला, हात तिथेच अडला आणि परत मांडीवर पडला.

सगळ्यांनी पाहिलं ते इतकंच, की अध्यक्षांनी पेनाकडे हात नेला, विचार केला आणि मागे घेतला.

"नाही करत?" धोंडूशेठनी विचारलं.

"होत नाही," कर्णिक प्रामाणिकपणे म्हणाले.

मागून कुणीतरी टाळी वाजवली. सर्वेशने तोंडात रुमाल कोंबला.

"बरं, बरं," धोंडूशेठ म्हणाले. "स्वयंपाकघर थोडं वाढवतो. ओटा लांब करतो. पण लिफ्ट एकच. हा माझा शेवटचा शब्द."

इकडे कमलकाकूंना जाकिटाच्या खालून लोंबणारी दोरी दिसली होती. दोरीच्या टोकाला एक छोटासा गोळा होता. त्यांनी तो चिमटीत धरला आणि ओढला.

फुर्र्र्र्र्र!

आवाज लांबलचक होता, ओला होता आणि अध्यक्षांच्या खुर्चीतून आला होता. धोंडूशेठच्या शेवटच्या शब्दाला ह्याहून स्पष्ट उत्तर शेफाली सोसायटीत कुणी दिलं नव्हतं. तिसऱ्या रांगेतले एक आजोबा खुर्चीवरून घसरले. बायकांनी पदर तोंडाला लावले. कर्णिकांचा चेहरा लालबुंद झाला, पण तो लाजेने झाला हे फक्त सर्वेशला कळलं. धोंडूशेठना तो संताप वाटला.

"रागवू नका, साहेब," ते घाईघाईने म्हणाले. "मी काय तुमचो दुश्मन नाय. दोन लिफ्ट. पण दुसरी छोटी, चार माणसांची."

कमलकाकू आता पुढे झुकल्या होत्या. दोरीची गंमत त्यांच्या लक्षात आली होती. शिवाय त्यांचे गुडघे दुखत, आणि छोट्या लिफ्टमध्ये त्या आणि त्यांची भाजीची ट्रॉली एकदम मावणार नव्हती. त्यांनी कर्णिकांच्या पाठीवर हलकेच हात दाबला आणि दोरी पुन्हा ओढली, ह्या खेपेला जास्त वेळ.

फुर्र्र्र्र-फुर्र-फुर्र्र्र!

"मोठी!" धोंडूशेठ ओरडले. "दोन्ही मोठ्या! स्ट्रेचर जाईल एवढ्या! तुमका आणखी काय व्हया तां एकदाच सांगून टाका, पण ह्या नको!"

हवा निघून गेल्याने पट्टे जरासे सैलावले होते आणि सकाळपासून पहिल्यांदा कर्णिकांना पूर्ण श्वास घेता आला होता. त्यांनी डोळे मिटून एक खोल श्वास घेतला. धोंडूशेठनी त्याच दमात नकाशावर लाल पेनाने दोन लिफ्ट काढल्या, स्वयंपाकघराची भिंत सरकवली, खाली स्वतःची सही ठोकली आणि जाताना कर्णिकांना दुरूनच नमस्कार केला. पाठीवर थाप मारायला ते काही जवळ आले नाहीत.

सोसायटीने कर्णिकांना खांद्यावर घ्यायचं ठरवलं. "नको! नको!" ते ओरडले, पण चौघांनी उचललंच. "अध्यक्ष दिसतात बारीक, पण वजन आहे हो माणसाला," एकजण धापा टाकत म्हणाला.

ह्या मिरवणुकीसमोर जयंतीबाईंची रिक्षा येऊन थांबली. त्यांनी मनालीचं जाकीट पाहिलं, कॉलरमधली नळी पाहिली, खाली लोंबणारी दोरी पाहिली. नवऱ्याला त्यांनी हाताला धरून खाली उतरवून घेतलं आणि थेट वर आणलं.

"काढा ते जाकीट."

जाकीट निघालं. घामाने निथळणारे कर्णिक स्टीलची पाटी घेऊन बायकोसमोर उभे राहिले.

"का घातलंत?"

"निघतं का बघत होतो." त्यांचा आवाज अगदीच लहान झाला. "तू खाली असताना काही झालं, आणि ते निघालं नाही तर... मी तर तिथे नसतो ना, जयंती. मला पोहता पण येत नाही."

जयंतीबाई रागावायच्या तयारीने श्वास घेऊन उभ्या होत्या. तो श्वास तसाच निघून गेला. त्या जवळ आल्या. कमरेशी असलेला पट्टा त्यांनी चिमटीत धरून वर ढकलला, पाटीतल्या फटीतून तो सरकला, आणि उजवा खांदा आपोआप मोकळा झाला.

"एकच तर पट्टा आहे," त्या म्हणाल्या. "इथे ढिला केला की तिथे ढिला होतो. काढा हात."

हात निघाला. कर्णिक बराच वेळ खांदे चोळत त्या पट्ट्याकडे बघत राहिले. "पुन्हा दाखव," ते म्हणाले. त्यांनी स्वतः तो चारदा सरकवून पाहिला आणि त्यांचा चेहरा निवळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. जयंतीबाईंनी घेतला.

"वहिनी, धोंडू राऊळ बोलतंय. साहेबांका त्रास नको, तुमकाच विचारतंय. तां जाकीट खय मिळाला? माका पण एक व्हया. देवनारच्या साइटवर माझे जरा वाद चाललेत."

जयंतीबाईंच्या डोळ्यांत चमक आली. कर्णिक मान हलवून नको नको म्हणत होते, तिकडे त्यांनी पाठ केली.

"मिळेल की, धोंडूशेठ. पण ते वापरायचं शिकावं लागतं. आणि शिकायला पाणी लागतं. रविवारी विक्रोळीला आमच्या डायव्हिंग क्लबच्या पोहायच्या बंदिस्त तलावावर या."

धोंडूशेठ आपल्या दोन माणसांना घेऊन आले. चिलखताला पाणी कशाला, हा प्रश्न त्यांना रस्ताभर पडला असणार, पण विचारायची त्यांची छाती झाली नाही. अर्ध्या चड्डीत ते उथळ पाण्यात उतरले. जयंतीबाईंनी त्यांच्या मापाने पट्टा बसवून दिला, पाटी पाठीला लावली, विंग फुगवलं आणि म्हणाल्या, "आता मागे झोपा. पाय सोडा."

"बुडतलंय मी!"

"नाही बुडणार. सोडा."

धोंडूशेठनी पाय सोडले आणि ते तरंगले. अंगठ्यांसकट, पोटासकट, एका हाताने काठ धरून, छताकडे तोंड करून, लाकडाच्या ओंडक्यासारखे. समुद्राच्या शेजारच्या मुलखातला हा माणूस साठी आली तरी गुडघ्याच्या वर पाण्यात गेला नव्हता. बराच वेळ त्यांच्या तोंडून अचंब्याने नुसतं "आवशीक!" एवढंच येत राहिलं.

काठावर कर्णिक पँट वर दुमडून पाय पाण्यात सोडून बसले होते, आणि त्याचंही त्यांना थोडं कौतुक वाटत होतं.

"साहेब," धोंडूशेठ तरंगता तरंगता म्हणाले, "ह्या गोळी अडवता?"

"नाही," कर्णिक म्हणाले. "हे पाण्यातच वापरायचं."

"मगे तुम्ही सभेत कित्याक घातलेलात?"

कर्णिकांनी बायकोकडे पाहिलं. जयंतीबाई मुखवट्याची काच पुसण्यात गर्क होत्या.

"घालून बघत होतो," ते म्हणाले. "अडकलो. निघेचना."

"आणि पेन?"

"हात पोचला नाही. मी सहीच करत होतो, धोंडूशेठ."

"आणि तो... आवाज?"

"कमलकाकूंनी ह्याची हवा सोडायची दोरी ओढली."

धोंडूशेठ छताकडे बघत होते. दोन मोठ्या लिफ्ट, सरकवलेली भिंत आणि आपली लाल पेनातली सही त्यांच्या डोळ्यांसमोरून जात असावी. त्यांचं पोट आधी एकदा हललं. मग दोनदा. मग त्यांना असं हसू फुटलं की तलावभर लाटा उठल्या. काठ धरलेला हात सुटला, पाय आपोआप मारले गेले आणि धोंडूशेठ हसत हसत तलावाच्या खोल बाजूकडे निघाले.

"शेठ! तिकडे खोल आहे!" त्यांची दोन्ही माणसं शेठच्या चपला हातात घेऊन काठाकाठाने धावू लागली. पोहता दोघांनाही येत नव्हतं. कर्णिक घाबरून उठून उभे राहिले.

"बसा हो," जयंतीबाई म्हणाल्या. "बुडायचे नाहीत."

"वहिनीनू!" तलावाच्या पार मधोमधून धोंडूशेठचा आवाज आला. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माका एवढ्यात बाहेर काढू नकात हां!"